विजेचा सांडवा

गावाजवळ पाझर तलाव असेल, तर तुम्ही त्याचा सांडवा पाहिला असेल. तलावाचा बांध उंच असतो. पण एका कडेला तो मुद्दाम थोडा खाली ठेवतात. तिथे दगड नीट बसवून घेतात. हाच सांडवा. वर्षातले बहुतेक दिवस तो कोरडाच असतो. गुरे त्यावरून ये-जा करतात. नवख्या माणसाला वाटते, ही जागा उगाच कशाला सोडली?

मग एखाद्या रात्री वरच्या डोंगरात धो धो पाऊस होतो. तलावात पाणी चढू लागते. चढता चढता ते सांडव्याच्या पातळीला येते. जादा पाणी सांडव्यावरून खाली ओढ्यात उतरते. बांध वाचतो. बांधाखालची शेते वाचतात. पूर ओसरला की सांडवा पुन्हा कोरडा.

सांडवा पाण्याशी भांडत नाही. तो पाण्याला वाट देतो.

आपल्या घरातल्या विजेलाही असा सांडवा बसवता येतो. दुकानदार त्याला 'सर्ज प्रोटेक्टर' किंवा 'एस.पी.डी.' म्हणतात. दोन-तीन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात, एवढी ती डबी असते. ही डबी काय करते, काय करत नाही, आणि तिच्या आधी घरात काय असावे लागते, ते या पाठात पाहू.

घरात येणारी वीज

वीज कोयनेची असो की चंद्रपूरची, ती दुरून मोठ्या दाबाने येते. गावाजवळ येईपर्यंत तिचा दाब अकरा हजार व्होल्टवर आणलेला असतो. गावातल्या डी.पी.वर तो आणखी उतरवतात. डी.पी.पासून पुढे फेजच्या तीन तारा आणि न्यूट्रलची एक तार निघते.

विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा दाब जास्त. विजेच्या दाबाचेही तसेच समजा. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतो. शेतातल्या मोठ्या पंपाला तिन्ही फेज लागतात. घराला एक फेज आणि एक न्यूट्रल पुरते. यालाच आपण सिंगल फेज म्हणतो.

दिवा, पंखा, टीव्ही, मोबाईलचा चार्जर, घरघंटी या साऱ्या वस्तू २३० व्होल्टच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. थोडे कमी-जास्त झाले तर त्या सोसतात. फार झाले तर नाही सोसत.

घरात तिसरी तारही हवी. ती अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडणारी. खेडेगावात ती बहुधा खांबावरून येत नाही. ती आपल्याच अंगणात करावी लागते. ही तार पुढे फार कामाला येणार आहे. तेवढे ध्यानात ठेवा.

लोंढा कुठून येतो?

कधी कधी तारांतून विजेचा मोठा लोंढा येतो. दाब २३० व्होल्टवरून एकदम काही हजार व्होल्टवर चढतो आणि लगेच उतरतो. हे इतक्या झटपट होते की आपल्याला कळतही नाही. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यांतल्या काही थोड्या भागांत, फार तर काही शेकडा भागांत, हा खेळ आटोपतो. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी पट जास्त वेळ लागतो.

हा लोंढा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट आभाळातल्या विजेची. आपल्याकडे वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये, आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा फार होतात. आभाळातून पडणाऱ्या एका विजेत साधारण तीस हजार अँपिअर प्रवाह असतो. काही विजांमध्ये याहून खूप जास्त असतो. आपल्या एक घोडाशक्तीच्या पंपाला पाच-सहा अँपिअर पुरतात. यावरून अंदाज करा. वीज तारेवरच पडली पाहिजे असेही नाही. ती दूर शेतात झाडावर पडली, तरी जवळून गेलेल्या तारांत लोंढा उठतो. लांबच लांब तारा रानातून गेलेल्या असतात. लोंढा त्या तारांवरून गावात शिरतो.

दुसरी वाट लाईट जाण्या-येण्याची. मोठ्या लाईनवर वीज बंद-चालू होते, तेव्हा तारांत धक्का बसतो. पाण्याचा जोरात चाललेला नळ एकदम बंद केला, तर पाईप धडधडतो. तसाच हा प्रकार आहे.

तिसरी वाट घरातलीच. पंपाची किंवा घरघंटीची मोटर बंद करताना लहानसा लोंढा उठतो. शेजारी वेल्डिंगचे मशीन चालत असेल, तरी असे धक्के बसतात. हे लोंढे लहान असतात, पण रोजचे असतात. थेंब थेंब पाण्याने दगड झिजतो, तशा वस्तू झिजतात.

पूर्वी एवढे नुकसान का होत नव्हते?

जुनी माणसे विचारतात, "आमच्या वेळी कुठं होतं असलं काही? चार बल्ब होते. वीस वर्षं चालले घर."

त्यांचे म्हणणे खरे आहे. पूर्वी घरात तारेचा बल्ब असे, फार तर पंखा असे. बल्बातली तार जाड बुद्धीची! लोंढा आला काय, गेला काय, ती बहुधा सोसून घेई.

आता एल.ई.डी. दिव्यात, चार्जरमध्ये, टीव्हीत, पंपाच्या नव्या स्टार्टरमध्ये लहान लहान चकत्या असतात. त्या चकत्यांतल्या विजेच्या वाटा केसाहूनही कितीतरी बारीक असतात. दोन वाटांमधला पडदाही तितकाच पातळ. एक मोठा लोंढा आला की तो पडदा फाटतो. मग वस्तू बाहेरून चांगली दिसते, पण चालत नाही.

आणि आता नुकसान फक्त दिव्याचे नाही. समजा, एखाद्या बाईने बचत गटाचे कर्ज काढून घरघंटी घेतली आहे. तिच्यावर घर चालते. नव्या घरघंटीत चालू-बंद करणारी नाजूक पट्टी असते. ती जळाली तर दुरुस्ती तालुक्याला. आठ-दहा दिवस दळण बंद. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून ही गोष्ट समजून घ्यायची.

फ्यूज आहे ना? एम.सी.बी. आहे ना?

आहे. पण त्याचे काम वेगळे.

तारेतून जास्त प्रवाह वाहू लागला, तर तार तापते आणि घराला आग लागू शकते. ते टाळायला फ्यूज असतो. फ्यूजची तार आधी तापते, वितळते आणि वीज बंद होते. एम.सी.बी.चा खटका तेच काम करतो. पण खटका पडायला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. आपल्याला तो वेळ थोडा वाटतो. लोंढ्याच्या मानाने तो फार मोठा आहे. खटका पडेपर्यंत लोंढा येऊन, टीव्ही जाळून, निघूनही गेलेला असतो.

स्टॅबिलायझरही इथे पुरत नाही. दाब हळूहळू कमी-जास्त झाला, तर तो सावरतो. लोंढ्याइतका तो चपळ नाही.

म्हणून लोंढ्याला वेगळा रक्षक लागतो.

डबीच्या आत काय आहे?

या डबीत मुख्य म्हणजे एक चकती असते. ती जस्ताच्या भस्माची असते. वैद्य ज्याला यशद भस्म म्हणतात, त्याच जातीची ही पांढरी पूड. तीत बिस्मथसारख्या दुसऱ्या धातूंची थोडी पूड मिसळतात. मग दाबून चकती करतात आणि कुंभार मडकी भाजतो तशी भट्टीत भाजतात. मात्र ही भट्टी कुंभाराच्या भट्टीहून अधिक तापवतात. ही युक्ती १९६० नंतरच्या दहा वर्षांत जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतल्या संशोधकांनी काढली. आज साऱ्या जगात ती वापरतात.

भाजलेल्या चकतीत जस्ताच्या भस्माचे बारीक बारीक कण एकमेकांना चिकटलेले असतात. दोन कणांच्या मध्ये एक पातळ थर असतो. शेतात दोन वाफ्यांमध्ये बांध असतो, तसा. असा एक बांध सुमारे तीन व्होल्टचा दाब अडवतो. तीन व्होल्ट म्हणजे फार थोडे. पण चकतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत असे शंभर-दीडशे बांध एकापुढे एक असतात. सगळे मिळून ते घरातल्या नेहमीच्या दाबाला आरामात अडवतात. म्हणून एरवी चकतीतून वीज जवळजवळ वाहतच नाही.

लोंढा आला की दाब एकदम चढतो. मग सगळे बांध एकाच वेळी पाझरतात. चकती क्षणात वाट मोकळी करते. हजारो अँपिअरचा प्रवाह तिच्यातून निघून जातो. दाब उतरला की सगळे बांध पुन्हा आपोआप उभे राहतात. हा खरा सांडवा!

सिंगल फेजच्या डबीत बहुधा दोन भाग असतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ही चकती असते. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक लहान नळी असते. नळीत वायू भरलेला असतो आणि दोन धातूंची टोके समोरासमोर असतात. एरवी नळी बंद. लोंढा आला की टोकांमध्ये ठिणगी उडते आणि जमिनीची वाट मोकळी होते.

चकती अमर नसते. प्रत्येक मोठ्या लोंढ्याने ती थोडी झिजते. शेवटी ती तापू लागते. तेव्हा डबीतला एक खटका तिला विजेपासून तोडतो. चांगल्या डबीवर एक लहान खिडकी असते. खिडकी हिरवी असेल तर चकती जिवंत. लाल झाली तर ती संपली. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. खिडकी लाल झाली, तरी बहुधा घरातले दिवे लागतच राहतात. दिवे लागतात म्हणून सांडवा शाबूत आहे असे मानू नका. महिन्यातून एकदा खिडकी पाहा. मोठा गडगडाट होऊन गेला की दुसऱ्या दिवशी पाहा. पुष्कळ डब्यांत चकतीचा भाग तेवढा काढून नवा घालता येतो. ते काम वायरमनकडून करून घ्या.

ओढाच नसेल तर?

सांडवा बांधला, पण त्याच्या खालचा ओढा कोणी बुजवून टाकला, तर काय होईल? पाणी सांडव्यावरून उतरेल आणि गावात घुसेल.

विजेच्या सांडव्याचा ओढा म्हणजे अर्थिंग. लोंढा शेवटी जमिनीत जिरला पाहिजे. जमिनीची चांगली वाट मिळाली नाही, तर तो दुसरी वाट शोधतो. टीव्हीतून डिशच्या तारेत जाईल. पंपातून ओल्या पाईपात जाईल. यंत्रावर कोणी हात ठेवला असेल, तर त्या माणसातून जाईल. म्हणून अर्थिंग नसलेल्या घरात ही डबी बसवणे म्हणजे अर्धेच काम झाले.

आपल्या घरात काय आहे, ते आधी पाहा. बोर्डावर तीन भोकांचे सॉकेट असते. वरचे मोठे भोक अर्थिंगचे. पुष्कळ घरांत त्या भोकाच्या मागे तारच नसते. काही घरांत तार असते, पण ती भिंतीतल्या खिळ्याला किंवा नळाला बांधलेली असते. काही जण ती न्यूट्रलला जोडून देतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल कुठे तुटली, तर यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरते आणि हात लावणारा जिवाला मुकतो.

खरे अर्थिंग असे करतात. घराजवळ, ओल टिकेल अशा जागी खोल खड्डा घेतात. त्यात सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप उभा पुरतात. पाईपाला भोके पाडलेली असतात. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. वर नरसाळे बसवतात आणि झाकण ठेवतात. पाईपाला जाड तार घट्ट बोल्टने आवळतात. ती तार घरातल्या मेन बोर्डापर्यंत आणतात.

मीठ-कोळसा का? ते ओल धरून ठेवतात. ओल्या मातीतून वीज सहज जिरते, कोरड्या मातीतून जिरत नाही. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. माती पाईपापासून सुटते. नेमके वळवाच्या आधीच अर्थिंग कमजोर होते. म्हणून मार्चपासून नरसाळ्यातून अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. मुरमाड जागी आणि कोकणातल्या कातळावर एका पाईपाने भागत नाही. तिथे दोन-तीन पाईप अंतर ठेवून पुरतात आणि एकमेकांना जोडतात.

अर्थिंग किती चांगले आहे, ते वायरमन यंत्राने मोजतो. ते ओहममध्ये मोजतात. आकडा जितका लहान, तितके अर्थिंग चांगले. ५ ओहमच्या आत आले तर घराला उत्तम.

डबी कशी घ्यावी, कुठे बसवावी?

डबीवर बारीक अक्षरात पुष्कळ काही लिहिलेले असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. मग दुकानातच वाचून पाहा.

'टाइप २' असे लिहिलेले असावे. ही डबी मेन बोर्डात बसते. घरासाठी बहुधा हीच लागते. घरावर वीजवाहक सळई असेल, तर 'टाइप १' लागते. टीव्हीजवळ बसते ती 'टाइप ३'. पण मेन बोर्डात टाइप २ असल्याशिवाय एकट्या टाइप ३ वर विसंबू नये.

चालू दाब २७५ किंवा ३२० व्होल्ट असा लिहिलेला असतो. आपल्याकडे दाब अनेकदा वर चढतो. तिथे ३२० ची घ्यावी.

४० के.ए. असे लिहिलेले असेल, तर ती डबी एका वेळी जास्तीत जास्त चाळीस हजार अँपिअरचा लोंढा वाट देऊन काढू शकते.

आय.ई.सी. ६१६४३-११ असा आकडा असेल, तर ती त्या ठरलेल्या नियमाप्रमाणे बनवलेली आहे असे समजावे.

बाजारात 'स्पाइक गार्ड' नावाच्या लांब पट्ट्या मिळतात. काहींच्या आत लहान चकती असते. काहींच्या आत काहीच नसते, नुसती जादा सॉकेटे असतात. नावावर जाऊ नका. विचारून घ्या.

बसवण्याचे काम परवाना असलेल्या वायरमननेच करावे. आपण उघड्या बोर्डात हात घालू नये. पण काम नीट होते की नाही, ते आपण पाहू शकतो. डबी मेन स्विचच्या अगदी जवळ असावी. तिला जोडणाऱ्या तारा आखूड आणि सरळ असाव्यात. सगळ्या मिळून एक हाताहून लांब नकोत. लोंढा इतक्या वेगाने चढतो की साधी तारही त्याला अडवते. मीटरभर तारेवर हजार व्होल्टच्या आसपास जादा दाब उभा राहू शकतो. मग डबीने सोसले, पण तारेने घालवले, अशी गत होते. तारेचे वेटोळे करून ठेवणे तर मुळीच चालणार नाही.

छपरावर सोलरचे पॅनेल असेल, तर त्याच्या तारांना वेगळी डबी लागते. घरातली डबी तिथे चालत नाही.

न्यूट्रल तुटली तर

आता डबी काय करत नाही, ते सांगतो. हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

कधी डी.पी.वर किंवा खांबावर न्यूट्रलची तार सुटते. तेव्हा काही घरांतला दाब २३० वरून ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. तो क्षणात उतरत नाही. लाईनमन येऊन तार जोडीपर्यंत तसाच राहतो. हा लोंढा नव्हे. ही नदीच तलावात वळवल्यासारखी झाली. सांडवा पुरासाठी असतो. नदी रात्रंदिवस त्यावरून वाहू लागली, तर सांडवाच वाहून जाईल. डबीचेही तसेच होते. ती तापते आणि संपते, आणि वस्तूही जळतात.

याची खूण सोपी आहे. एका घरातले दिवे एकदम भगभगीत होतात, शेजारच्या घरातले मंद होतात. पंखा वेड्यासारखा फिरतो. असे दिसले की विचार करत बसू नका. मेन स्विच बंद करा. शेजाऱ्यांना हाक मारून सांगा. लाईनमनला कळवा. खांबावर स्वतः चढू नका. दाब फार चढला तर वीज तोडणारे वेगळे यंत्र मिळते. ते या डबीच्या जोडीला बसवता येते.

माणसाचा रक्षक वेगळा

एक बाई म्हणाली, "डबी बसवली म्हणजे आता पोरांना शॉक लागायचा नाही ना?"

बाई, लागेल. ही डबी वस्तू वाचवते. ती माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्याला आर.सी.सी.बी. नावाचा खटका लागतो. विजेच्या तारेतून गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह तो सारखा मोजत असतो. मध्येच कुणाच्या अंगातून थोडी वीज जमिनीत गळाली, तर हिशोब चुकतो आणि खटका पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा खटका घ्यावा. त्याच्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. खटका पडला तर तो जिवंत आहे.

वीज थेट घरावर पडली, तरी एकटी डबी पुरत नाही. आणि रानात असलेल्या माणसाला तर तिचा काहीच उपयोग नाही. ढग दाटून आले की रान सोडून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर आहे असे समजा. गडगडाट ऐकू येतो, म्हणजे ती आपल्यावरही पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाईल अॅप तयार केले आहे. आपल्या आसपास विजेचा धोका असेल, तर ते आधी सांगते.

पैसे थोडे असतील तर

सगळे एकदम घेणे सगळ्यांना जमत नाही. मग आधी काय करावे?

सगळ्यांत आधी प्लग काढण्याची सवय. तिला पैसा लागत नाही. ढग दूर असतानाच टीव्ही, चार्जर, घरघंटी यांचे प्लग ओढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटणातल्या दोन टोकांमध्ये फट लहान असते. मोठा लोंढा ती उडी मारून ओलांडतो. डिशची तारही टीव्हीपासून काढा, कारण लोंढा त्या वाटेनेही येतो. पण विजा डोक्यावर कडाडू लागल्या, तर प्लगला हात लावू नका. तेव्हा वस्तू जाऊ द्या, जीव सांभाळा.

त्यानंतर अर्थिंग. ते वस्तूंच्याही कामाचे आणि माणसांच्याही.

मग आर.सी.सी.बी. माणूस आधी, टीव्ही मागून.

आणि मग विजेचा सांडवा, म्हणजे ही डबी.

कोणी दुकानदार अर्थिंगची चौकशी न करता नुसती डबी गळ्यात मारू लागला, तर त्याला विचारा, "बाबा, सांडवा दिलास. पण ओढा कुठं आहे?"

लक्षात ठेवा

लोंढा अडवायचा नसतो, त्याला जमिनीची वाट द्यायची असते.
फ्यूज तारेला वाचवतो. आर.सी.सी.बी. माणसाला वाचवतो. एस.पी.डी. वस्तूंना वाचवते.
खिडकी हिरवी, तर डबी जिवंत. लाल, तर बदला.
उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घाला.
दिवे भगभगले की मेन स्विच बंद.

आठवून सांगा

१. सांडवा आणि एस.पी.डी. यांत सारखे काय आहे?
२. एम.सी.बी. असूनही टीव्ही का जळतो?
३. तुमच्या घरातल्या सॉकेटच्या मोठ्या भोकामागे तार आहे का? वायरमनकडून पाहून घ्या.
४. न्यूट्रल तुटल्याची खूण कोणती? तेव्हा आधी काय कराल?
५. हा पाठ घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.